एक सेंटिमीटरला एक वर्ष

ही गेली ते शाळेत कळलं सोमवारी, तिसऱ्या तासाला. फोन मीच केला होता. हेडक्लार्कने उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "फार वाईट झालं, सर. बाई म्हणजे..." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, या वेळी विचारू नये, पण त्यांचा पाचवा तास आहे. कुणाला पाठवू?"

मला त्याचा राग आला नाही. वेळापत्रक सांभाळणारा माणूस आहे. रिकामा तास त्याला झाकण नसलेल्या गटारासारखा दिसतो. कुणीतरी पडेल म्हणून तो आधी काहीतरी वर टाकतो. आणि खरं सांगायचं तर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा राहून मीसुद्धा विचार करायला लागलो, की पाचव्या तासाला मोकळं कोण असतं. सत्तावीस वर्षं एका शाळेत काढली की डोकं असंच चालतं. पाचव्या तासाला मोकळा मीच असतो.

मी सुतारकाम शिकवतो. मुलं मला रंधा सर म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, पण फार लांब जाऊनही म्हणत नाहीत. ही जगाचा इतिहास शिकवायची. हा विषय आमच्या शाळेत नव्हता. तिने सहा वर्षं अर्ज करकरून तो आणला होता. ऐच्छिक विषय, वरच्या वर्गांसाठी, व्हरांड्याच्या टोकाची खोली.

चौदा दिवसांनी मी कामावर गेलो. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बोलावून घेतलं आणि "बसा" म्हणाले. सत्तावीस वर्षांत मोठे सर मला दोनदा "बसा" म्हणाले होते. एकदा कार्यशाळेचं छप्पर उडालं तेव्हा, आणि एकदा एका मुलाचं बोट कापलं तेव्हा.

"नवीन माणूस मिळायला पुढचं वर्ष उजाडेल," ते म्हणाले.

"बरं."

"तोपर्यंत तुम्ही घ्या."

"काय घेऊ?"

"जगाचा इतिहास."

मी खुर्ची घट्ट धरली. ती मीच बनवलेली होती, म्हणून विश्वासाने धरली.

"सर, मला बोलता येत नाही."

"मग आत्ता काय चाललंय?"

"हे वेगळं. हे एकट्याशी आहे."

"तुमच्या पदवीला इतिहास होता. मी फाइल बघितली."

होता. पदवीचा फॉर्म हिनेच भरला होता, पोस्टाने अभ्यास करायचा. मला इतिहासात बेचाळीस मार्क पडले. त्यातले चाळीस हस्ताक्षराचे आहेत असं ती म्हणायची.

मग मोठ्या सरांनी नियम सांगितला. शिक्षक बदलला की विषय नव्याने सुरू झाला असं धरतात. नव्या शिक्षकाने पहिल्या तासाला विषयाची ओळख करून द्यायची, वर्गाकडून काय अपेक्षा आहेत ते छापील कागदावर द्यायचं. त्या कागदावर मुलांच्या आणि पालकांच्या सह्या होऊन किमान वीस कागद त्याच आठवड्याच्या शनिवारपर्यंत ऑफिसात परत यायला हवेत. वीसच्या खाली आले की विषय बंद. यादीत एकतीस होते, पण या चौदा दिवसांत सात जण संगणकाच्या वर्गात गेले होते. राहिले चोवीस.

"आणि खोली?" मी विचारलं.

"जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाहीये आपल्याकडे," मोठे सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझ्या हातात काही नाही. पुढच्या बुधवारी तास. नऊ दिवस आहेत."

मी बाहेर आलो. चोवीसातले पाच गेले की हिची सहा वर्षं गेली, आणि ते पाच जण घालवण्याचं काम शाळेने नेमकं मला दिलं होतं.

लोकांना वाटतं, शिक्षक आहे म्हणजे बोलता येत असणार. कार्यशाळेत मी दिवसभरात चार गोष्टी बोलतो. "बोट सांभाळ." "धार बघ." "हळू." "पुन्हा कर." बाकीचं हत्यारं बोलतात. उलट ही सलग चाळीस मिनिटं बोलायची आणि घरी आल्यावर उरलेलं मला सांगायची. जेवायला बसलं की एखाद्या राजाला गादीवर बसवायची आणि भांडी घासून होईपर्यंत त्याला मारायची. मी "हं" म्हणायचो. सत्तावीस वर्षांचे ते "हं" मी आता आठवत होतो आणि त्यांच्या आधीचं तिचं एकही वाक्य आठवत नव्हतं. याची मला लाज वाटत होती. भीती तर वाटतच होती.

घरी सल्ले तयार होते. माझी मेहुणी, हिची धाकटी बहीण, कपाटं आवरायला म्हणून येऊन राहिली होती. ती एक कपाट उघडायची, आतल्या साडीला हात लावून रडायची आणि ते तसंच बंद करायची. अशी चार कपाटं झाली होती.

"भाऊजी, पहिल्या दिवशी दरारा बसवा," ती म्हणाली. "ताई फार मऊ होती. आत जायचं, दोन मिनिटं काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं."

"दोन मिनिटं जमेल. पुढच्या अडतीस मिनिटांचं काय?"

"पुढे आपोआप येतं."

"कुठून येतं?"

यावर ती पाचवं कपाट उघडायला गेली.

शेजारी मोजणीसाहेब राहतात. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, पण अजून घरातून निघताना फाटकापर्यंतची पावलं मोजतात. ते म्हणाले, "दराऱ्याने काही होत नाही. कानावर पडलेलं राहत नाही हो. डोळ्यांना दाखवा. इतिहास म्हणजे किती लांब, हे मुलांना हाताने मोजू द्या."

हे ऐकून मी कानामागची पेन्सिल काढली. दाखवायचं म्हणजे बनवायचं, आणि बनवायचं तर मला येतं. एक लाकडी पट्टी करायची. एका टोकाला आजचं वर्ष, दुसऱ्या टोकाला माणूस लिहायला शिकला तो काळ, म्हणजे ढोबळ पाच हजार वर्षं. एक मिलिमीटरला एक वर्ष धरलं की पाच मीटर. खोलीची भिंत सात मीटर. पट्टी लावायची, मुलांना दाखवायची, आणि आपण बाजूला हत्यारं आवरत उभं राहायचं. बोलायचं कामच नाही. इतकं साधं काम होतं.

मी कागदावर आखून पाहिलं. चार वर्षांचं महायुद्ध चार मिलिमीटरचं झालं. त्यात 'महा' एवढंच मावलं.

"माणसं मेली आहेत हो त्यात," मोजणीसाहेब म्हणाले. "नखाएवढं नका करू."

म्हणून एक सेंटिमीटरला एक वर्ष ठरलं. पट्टी पन्नास मीटर झाली.

आता कुणी म्हणेल, मध्ये अडीच मिलिमीटर धरायचे होते. सुतारकामात एकदा माप ठरलं की ठरलं, आणि अडीच मिलिमीटर हे काही माप नव्हे. शिवाय मी व्हरांडा मोजला होता. खोलीच्या भिंतीवर सात मीटर, दारातून बाहेर, मग व्हरांडा चाळीस मीटर. तीन मीटर कमी पडत होते. पुढे जिना होता. तीनशे वर्षं जिन्यात उतरवावी लागणार होती. मोजणीसाहेब जातीने बघायला आले आणि म्हणाले, "जिन्यात तिरपं मोजलंत की आडवं?"

"लाकडावर मोजलं. तिरपं."

"चूक. उतारावरची जमीन नेहमी आडवी मोजतात. तुमची तीनशे वर्षं तीनशे नाहीत."

"लाकूड जितकं, तितकी वर्षं."

"म्हणजे माणूस लिहायला कधी शिकला हे तुमच्या जिन्याच्या चढावर अवलंबून?"

यानंतर आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाव घेऊन आले आणि म्हणाले, "लिहिण्याच्या आधी माणूस काय आजारी होता? तीन लाख वर्षं आहेत त्याची. तुमच्या मापाने तीन किलोमीटर. मी आत्ताच चालून आलो. माणसाची सुरुवात पेट्रोल पंपाच्या पुढे, टायरवाल्यापाशी होते. येताना पाव घेतला."

मी म्हटलं, त्यांना विनवून म्हटलं, की मी टायरवाल्यापर्यंत पट्टी नेणार नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

लाकडाचं काय, हे सांगायचं राहिलं. कार्यशाळेच्या मागच्या शेडमध्ये मोडकी बाकं होती, चाळीसेक. लाकूड जुनं आणि पक्कं, असं हल्ली मिळत नाही. हेडक्लार्ककडे गेलो.

"घ्या की, सर," तो म्हणाला. "फक्त निर्लेखन झालेलं नाही. बाकं निरुपयोगी आहेत असा समितीचा शेरा लागतो. तिघांच्या सह्या. मोठे सर, मी आणि..." तो थांबला.

"आणि कोण?"

"बाई होत्या, सर."

मी फॉर्म बघितला. तिसऱ्या ओळीवर हिचं नाव टाइप केलेलं होतं आणि पुढे सहीची जागा मोकळी होती.

"आता?"

"मला कळतं, सर. मी स्मशानात होतो. पण फॉर्मला हे माहीत नाही. नाव काढायचं तर समिती नव्याने नेमावी लागेल, आणि समिती नेमायला तिघांची शिफारस लागते."

"म्हणजे हिचीसुद्धा."

"तेच तर म्हणतोय."

त्याने दोन दिवस नियमांचं पुस्तक वाचलं. तो मनाने चांगला माणूस आहे, फक्त मन फाइलच्या आत ठेवतो. शेवटी त्याला एक कलम सापडलं: सदस्याचं काम ज्या शिक्षकाकडे जाईल, त्याच्याकडे सदस्यत्वही जातं. हिचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणून एकाच सकाळी मी दोन कागदांवर सही केली. अर्जदार म्हणून लिहिलं, की हे लाकूड उत्तम असून शैक्षणिक कामास योग्य आहे. समितीचा सदस्य म्हणून लिहिलं, की हे लाकूड कुजलेलं असून कशाच्याही योग्य नाही. दुसरी सही करताना पेन ओळीवर टेकेना. खोटं लिहिलं म्हणून नाही. तिसरी ओळ तिची होती म्हणून.

"थोडी ओळीच्या वर गेली," हेडक्लार्क म्हणाला. "चालेल."

त्याच वेळी त्याने विचारलं, "सर, अपेक्षांचा कागद? छापायला आजच टाकायला हवा."

माझ्या डोक्यात पन्नास मीटर लाकूड होतं. इतिहासाकडून माझीच काही अपेक्षा नव्हती, तर मुलांकडून काय ठेवू? ही असा कागद वाटायची का, तेही मला माहीत नव्हतं. मी खिशातून कार्यशाळेचा जुना कागद काढला आणि म्हणालो, "हा नमुना घ्या. असं मथळा, खाली चार मुद्दे, खाली सहीची जागा. मजकूर मी उद्या देतो."

मजकूर मी दिला नाही. तो दिवस बाकं फोडण्यात गेला. हे आता सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी ते माझ्या लक्षातही नव्हतं.

पट्टी तासायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी घाबरलो नाही. रंधा चालत असला की छातीतली धडधड ऐकू येत नाही. एकसष्ट घटना पटाशीने कोरल्या. त्या मी एका शालेय पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून घेतल्या, कारण पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं होतं आणि चौदाव्या पानावर अडकलो होतो. मग लावायला सुरुवात केली, आणि तेव्हा दारं आडवी आली.

पट्टी भिंतीवर लागते, दारावर लागत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, मी दारं बनवणारा माणूस आहे. आमच्याच खोलीच्या दाराने नव्वद वर्षं खाल्ली. त्या नव्वद वर्षांत घोड्यांवरून आलेले लोक अर्धं जग घेऊन बसले होते असं पुस्तकात आहे. आमच्याकडे त्या जागी बिजागऱ्या आहेत. मुलांच्या संडासाचं दार बरोबर साडेचार हजार वर्षांवर आलं. त्या काळात काही लोकांनी शहरभर झाकलेली, उत्तम गटारं बांधली होती. हे मी मुद्दाम केलेलं नाही, पण ते शिपायाला पटलं नाही.

सगळ्यांत मोठं दार मोठ्या सरांचं. दुहेरी, एकशेवीस सेंटिमीटर. ते बाहेर आले, पट्टी बघितली, पट्टीतली मोकळी जागा बघितली.

"इथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"रोममधलं प्रजासत्ताक बुडून बादशाही आली, सर. आणि जिथून जग वर्षं मोजायला सुरुवात करतं, ती जागाही तुमच्या दारातच येते."

"नेमकी कुठे?"

मी फूटपट्टी लावून दाखवलं. "कडीच्या खाली."

ते कडीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता पट्टी काढायला लावणार. पण ते म्हणाले, "कडीला जरा तेल घाला," आणि आत गेले. नंतर कळलं, की दुपारभर जो आत येईल त्याला ते हे सांगत होते.

मंगळवारी संध्याकाळी व्हार्निश दिलं. डबा जुना होता. सकाळपर्यंत सुकेल असं डब्यावर लिहिलं होतं. डब्यावर बनवल्याची तारीखही होती, ती मी नंतर वाचली.

बुधवारी पाचव्या तासाची घंटा झाली. मी व्हरांड्यात उभा होतो. खोलीचं दार उघडं होतं. या दारापर्यंत मी शेकडो वेळा आलो होतो. हिचा डबा घेऊन, छत्री घेऊन, घराची किल्ली घेऊन. ती असताना आत कधी गेलो नव्हतो. बाहेरून हाक मारायची आमची पद्धत होती. परत फिरावं, मोठ्या सरांना सांगावं, की उत्तरपत्रिका ठेवा, मला जमणार नाही, असं खरोखर मनात आलं. पण मागे वळलो तर मोठे सरच येत होते. पहिला तास बघायला येण्याचा नियम होता. नियमात नसतं तर बरं झालं असतं असे आमच्याकडे बरेच नियम आहेत.

आत गेलो. चोवीस जण उभे राहिले. मी "बसा" म्हणालो. बहुतेक म्हणालो, कारण ते बसले.

मेहुणीने सांगितल्याप्रमाणे दोन मिनिटं नुसतं बघायचं ठरवलं होतं. पण तेही माझ्याकडे बघत होते आणि ते चोवीस होते. मी खिशातून तीन पानं काढली. विषयाची ओळख लिहून आणली होती. वाचली. घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती. छत्तीस राहिली होती. पाच हजार वर्षं पन्नास मीटरमध्ये बसवणाऱ्या माणसाला छत्तीस मिनिटं कुठे ठेवावीत ते कळेना.

"अपेक्षांचा कागद," मागच्या बाकावरून मोठे सर हळूच म्हणाले.

ऑफिसातून आलेला गठ्ठा टेबलावर होता. मी वाटला. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला म्हणालो, "मोठ्याने वाच." कुणीतरी दुसरं बोलेल, एवढाच हेतू.

ती उभी राहून वाचू लागली. "विषय: जगाचा इतिहास. वर्गाकडून अपेक्षा. एक. केस बांधून व बाह्या वर करून यावं." ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. "दोन. हत्यार हातात घेऊन पळू नये."

तेव्हा मला आठवलं. मजकूर मी दिला नव्हता. हेडक्लार्कने नमुना घेऊन मथळा तेवढा बदलला होता.

"तीन," चष्मेवाली वाचत होती, कारण मी तिला थांब म्हणालो नव्हतो. "काम झाल्यावर सर्व हत्यारं मोजून जागेवर ठेवावीत."

आधी एक जण हसला, मग सगळे. मी टेबलाची कड धरली. माझ्या डोळ्यांसमोर रिकामे कागद आले, दोऱ्याने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, या टेबलावरसुद्धा. हसण्याचा मला राग नव्हता. त्या हसण्यातून पाच जण उठून संगणकाच्या वर्गात जातील, एवढीच भीती होती.

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, "सर, दुसरा नियम त्या राजांना कुणीतरी सांगायला पाहिजे होता."

"तिसरा पण," दुसरा म्हणाला. "मोजून जागेवर ठेवली असती तर अर्धं पुस्तक कमी झालं असतं."

आता ते वेगळं हसत होते. मला फरक कळला, पण टेबलाची कड मी सोडली नाही. चष्मेवाली बसली नव्हती. "चार," ती म्हणाली. "लागल्यास लपवू नये. लगेच सांगावं."

वर्ग गप्प झाला. इतका, की व्हरांड्यातलं व्हार्निश सुकत नसल्याचं मला ऐकू येतंय असं वाटलं.

"हा कुणासाठी आहे, सर?" तिने विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"तुमच्यासाठीपण?"

मी "हो" म्हणालो. कुणी हसलं नाही. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हा राहू द्या, सर," ती म्हणाली. "सगळेच राहू द्या."

त्यानंतर तिथे उभं राहणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "बाहेर चला. हात लावू नका, ओलं आहे."

सव्वीस माणसं पट्टीच्या कडेने चालू लागली. मला वाटलं होतं मी एका बाजूला उभा राहीन. तसं झालं नाही. इथे जोड का आहे, इथे लाकूड काळं का पडलं, हे विचारलं तर मला सांगता येत होतं, आणि सांगता सांगता तिथे काय कोरलंय तेही तोंडात येत होतं. आपल्या दारापाशी मोठे सर पुढे झाले, कडीखाली बोट दाखवून त्यांनी स्वतः दोन मिनिटं भाषण केलं आणि ते करताना बाजूच्या शतकावर कोपर टेकलं. भाषण संपल्यावर कोपर निघेना. चौघांनी धरून काढलं. बाहीचा एक तुकडा अजून तिथे आहे. पहिला नियम बाह्या वर करण्याचाच होता.

जिन्यापर्यंत गेलो. वळून परत निघालो तेव्हा चष्मेवाली मागे राहिली होती. ती पट्टीच्या एका मोकळ्या लांबीपाशी उभी होती. तिथे सव्वा मीटर नुसतं लाकूड होतं.

"सर, या पट्टीवर एकूण किती घटना आहेत?"

"एकसष्ट."

"आणि वर्षं पाच हजार. मग हे मधलं सगळं मोकळं का? इथे काहीच झालं नाही?"

"झालं असेल."

"काय?"

मी पट्टीकडे बघितलं. चार दिवस मी हे लाकूड तासत होतो. जिथे अक्षरं होती तिथेच माझं लक्ष होतं. मोकळ्या लाकडावर मी फक्त रंधा फिरवला होता.

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं धाबं दणाणलं. सोमवारी पुन्हा तास आहे, हे तोपर्यंत मी स्वतःला कळू दिलं नव्हतं. सगळी तयारी एका तासाची होती.

आज दुपारी हेडक्लार्कने कागद मोजले. बावीस आले. एका पालकाने लिहून पाठवलं आहे, की इतिहासात मुलीच्या हातात हत्यारं द्यायला आमची हरकत नाही, मात्र धारेची नकोत. हेडक्लार्कला मी विचारलं, मजकूर बदलायचा का. तो म्हणाला, "सह्या झाल्या, सर. आता तो बदलायचा तर समिती लागेल." विषय राहिला. खोलीही राहिली.

दोन दिवस मी घरातली हिची पुस्तकं चाळतोय. त्यात राजे आहेत, लढाया आहेत, तह आहेत. मोकळ्या जागेत काय झालं ते सापडत नाही. असेल कुठेतरी, पण तिला पान माहीत होतं, मला माहीत नाही. मोजणीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लोक जमीन मोजत असणार." मेहुणीला विचारलं. ती सहाव्या कपाटासमोर बसली होती. म्हणाली, "स्वयंपाक करत असतील, भाऊजी. पोरं वाढवत असतील. म्हाताऱ्यांचं करत असतील. अजून काय करतात लोक?"

दोघांचंही बरोबर असावं. पण ते सांगून एक मिनिट होतं, आणि तास चाळीस मिनिटांचा आहे. वहीत मी प्रश्न लिहून ठेवला आहे आणि त्याखाली एक ओळ सोडली आहे.

सोमवार परवावर आला. उत्तर अजून लिहायचं आहे.